तासाभराचे काम

"संगणकचालकाने अद्ययावतीकरण विहित वेळेत सुरू न केल्यामुळे, आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच मुख्य वीजपुरवठा बंद केल्यामुळे, व्यवसायशब्दकोशाच्या सहाव्या खंडाची संपूर्ण संहिता नष्ट झाली, यात अन्य कोणाचाही दोष नाही." संस्थेच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाची मुद्रिते शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर आली. त्यांतल्या दोनशे अकराव्या पानावर, शोधसमितीच्या अहवालातून जसेच्या तसे उचललेले हे वाक्य आहे. वाक्य दिसले की ते सोलून पाहण्याची खोड मला फार जुनी. भाजी निवडणाऱ्याच्या हाताला अळी जशी न बघता लागते, तसे मला खोटे लागते, असा माझा लौकिक होता. संहिता 'नष्ट झाली' म्हणजे काय? ती आपणहून कुठे गेली नव्हती. यंत्र सुरू होईना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधकांनी तंत्रज्ञाला बोलावले आणि 'काय ते टाका आणि चालू करून द्या' असा हुकूम दिला. तंत्रज्ञाने डिस्क साफ पुसून तिच्यावर कोरी प्रणाली बसवली. अकरा वर्षांच्या कामाची ताजी प्रत दुसरीकडे कुठेच नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि निबंधकांच्या कपाटातली प्रत तीन वर्षांमागची निघाली. वाक्यात तंत्रज्ञ नाही, निबंधक नाहीत, कपाट नाही. 'विहित वेळेत' सुरू केले नाही, हे कोणी पाहिले? कोणीही नाही. परिपत्रकात दुपारी तीनची वेळ होती. चालकाने तीनलाच सुरू केल्याचे सांगितले. समितीने तर्क केला की हे तासाभराचे काम, तीनला सुरू केले असते तर चारला संपले असते, ज्या अर्थी संपले नाही त्या अर्थी उशिरा सुरू केले. वीजपुरवठा तिनेच बंद केला याला पुरावा काय? एका वहीतली सही. आणि शेवटचा तुकडा, तो तर सर्वांत बोलका. 'अन्य कोणाचाही दोष नाही.' कोणी विचारले होते? चोराच्या मनात चांदणे असते हे शाळेतल्या पोराला ठाऊक असते. पण स्वल्पविरामानंतर, अशा स्वच्छ गद्यात, ते इतके शुभ्र पडलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही. वाक्य मात्र बांधलेले उत्तम आहे. दोन कारणे, एक परिणाम, एक निर्वाळा. कुठे अक्षर हलवता येणार नाही. ते माझे आहे. समितीचा सदस्य-सचिव मी होतो, आणि संगणकचालक म्हणून ज्या व्यक्तीचा उल्लेख आहे ती माझी थोरली बहीण आहे.

मी राहतो तिच्याकडेच. म्हणजे घर आमच्या वडिलांचे, पण ज्याच्या हातात किल्ल्या त्याचे घर, या न्यायाने ते ताईचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधे भिंतीला लावलेले घडीचे टेबल, त्यावर माझ्या बाजूला पुस्तके आणि तिच्या बाजूला शब्दकोडी. संस्थेने तिला मुदतीच्या एक वर्ष आधी 'स्वेच्छेने' निवृत्त केले, त्याला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत आम्ही नळाच्या गळतीवर, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर, वडिलांच्या चष्म्याचे काय करायचे यावर बोललो. त्या दिवसावर एकदाही नाही. तिने विषय काढला नाही याचा मी सोयीचा अर्थ लावून ठेवला होता. माझ्याकडे येणारे प्रत्येक मुद्रित मात्र ती अजूनही वाचते, तांबडी पेन्सिल घेऊन, माझ्या नंतर. आणि माझ्या नंतरही तिला पानागणिक एखादी चूक सापडते. शुक्रवारी संध्याकाळी मी बूट काढतो आहे तोच ती म्हणाली, "आली का रे इतिहासाची मुद्रितं? सोमवारी द्यायचीत म्हणालास."

"नाही आली अजून."

"मग पिशवीत काय, दगड?"

"जुने कागद आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि आडवा चौदा शोधू लागली. तिचे 'बरं' हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. रात्रभर ती पिशवी माझ्या उशाशी होती. पुस्तकात तिचे नाव छापलेले नसेल, पण संस्थेत पन्नास वर्षांत संगणकचालक म्हणून एकच बाई होऊन गेली हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल; आणि वाचणाऱ्यांत ती असेल. अहवाल ही फाइलमध्ये मरणारी गोष्ट असते. पुस्तक मरत नाही. सोमवारी दोनशे अकराव्या पानाच्या कोपऱ्यात मी माझी आद्याक्षरे केली की ते वाक्य तिच्या नंतरही राहील, माझ्या नंतरही राहील. तेव्हा, उताणे पडून पंख्याकडे बघत, मी विद्वानाला शोभेल असा निर्णय घेतला: वाक्य खरे की खोटे हे मी ठरवणार नाही, प्रयोग ठरवील. भित्र्या माणसाने विवेकाला दिलेले हे सर्वांत सभ्य नाव आहे.

शनिवारी सकाळी तळघरातल्या अडगळीच्या खोलीत मी आणि डॉक्टर उभे होतो. डॉक्टर म्हणजे तोच तंत्रज्ञ. चामड्याची बॅग घेऊन येतो आणि यंत्राला आधी हात लावून ताप बघतो म्हणून कोशविभागाने त्याला ठेवलेले नाव. त्या वेळी एकाच दिवशी घेतलेली दोन यंत्रे होती. एक भंगारात गेले, दुसरे इथे, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, प्लास्टिकच्या चादरीखाली. त्याच्या कुशीवरचे लेबल अर्धे झिजले होते, पण परवान्याचे आकडे वाचता येत होते. प्रणाली बसवण्याची सीडी मी माझ्या कपाटातून आणली होती. डॉक्टरने झाकण काढून आत फुंकर मारली, आणि आम्हा दोघांनाही शिंका आल्या.

"साहेब, एक विचारू? हे मढं आहे. कंपनीने याचं नाव टाकून किती वर्षं झाली. याला अपडेट करायचं म्हणजे मढ्याला लस टोचायची."

"टोचा."

"नाही, टोचतो. फक्त म्हटलं, कोणासाठी?"

"इतिहासासाठी," मी म्हणालो. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

कोरी प्रणाली बसताना पाहणे यात एक निर्जंतुक समाधान असते. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात, यंत्र आपली भाषा निवडायला सांगते, देश विचारते, नाव विचारते. डॉक्टरने नावाच्या जागी 'अ' टाकले. तासाभराने पडदा उजळला: अवाढव्य चित्रे, भडक हिरवळीचा फोटो, आणि कोपऱ्यात घड्याळ, जे यंत्राच्या जन्माच्या वर्षातला पहिला दिवस दाखवत होते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे बाहेरचे कोणतेच संकेतस्थळ त्याला दार उघडेना. तुमची ओळखपत्रे अजून लागूच झालेली नाहीत, असे यंत्रच प्रत्येकाला बजावत होते. त्याच्या लेखी जग भविष्यातून आलेले आणि म्हणून अविश्वसनीय होते. डॉक्टरने तारीख सुधारली. मग अपडेट शोधणारी जी सोय आत होती ती म्हणाली की शोध सुरू करण्याआधी मलाच अपडेट करावे लागेल. मी माझ्या आयुष्यातल्या काही विद्वत्सभांची आठवण काढली. ते झाल्यावर, बरोबर दहा वाजता, मी मनगटावरचे घड्याळ बघून डॉक्टरला खूण केली आणि त्याने बटण दाबले. दहाच का, हे मी त्याला सांगितले नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो. साडेबाराला इमारतीचा मेन स्विच बंद होतो. दहा ते साडेबारा, अडीच तास. त्या दिवशी तीन ते साडेपाच, अडीच तास. प्रयोग म्हटला की तो नीट मांडावा.

पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे जात राहिली. ती काही भरत नव्हती, नुसती जात होती, येरझाऱ्या घालणाऱ्या माणसासारखी. खाली लिहिले होते, शोध सुरू आहे. अकरा वाजले. हे तासाभराचे काम. अकरा वाजता ते संपायला हवे होते, आणि यंत्राने अजून काय करायचे ते शोधूनही काढलेले नव्हते. तळघराच्या वरच्या झडपेतून बाहेरच्या पायरस्त्यावर चालणारे पाय दिसत होते, गुडघ्यापर्यंतच. वडिलांच्या वॉर्डात अशीच उंच झडप होती. त्यांचे ते शेवटचे तीन महिने, आणि प्रकरण घडले तेही त्यांतच. भेटीची वेळ पाच ते सात, त्यामुळे ताई रोज पावणेपाच-पाचला निघायची, वाटेत फळे घ्यायची, बसने जायची. मी महिन्यातून दोनदा गेलो असेन. एकदा वडिलांनी माझ्याच समोर तिला विचारले होते, "धाकटा नाही आला?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ताईने माझ्याकडे न बघता त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला आणि म्हणाली, "आलाय की. नेहमीसारखा आलाय." ते वाक्यही मी त्या वेळी टिपून ठेवण्याच्या लायकीचे मानले होते. कशासाठी, ते आठवत नाही.

आणि ती वही. तेव्हा संस्थेत असा नियम होता की इमारतीतून जो सर्वांत शेवटी निघेल त्याने जिन्यापाशी टांगलेल्या वहीत सही करायची, वेळ लिहायची आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा. आगीच्या भीतीने निबंधकांनी तो नियम काढला होता. सर्वांत शेवटी निघणारा मी असे. पण मी सही करीत नसे. मुख्य संपादकाने पहारेकऱ्याच्या वहीत सही करावी हे मला अशोभनीय वाटे. "मी काय वॉचमन आहे?" असे मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो, आणि ताईने "बाबा रे, नकोस करू, तुझ्या पेनाची शाई बाटेल," म्हणत माझ्या वतीने सही करायला सुरुवात केली. निघताना, आधीच: सही तिची, वेळ साडेपाच, दांडा मी ओढायचा. सहा वर्षे असे चालले. त्या दिवशीही ती पाचला दहा मिनिटे असताना बाहेर पडली आणि वहीत साडेपाचची सही होती. समितीपुढे मी तिला वही दाखवून विचारले, ही सही कोणाची. ती म्हणाली, "सही माझीच आहे." मी ते लिहून घेतले. तिथे बसलेल्या दोघा सभासदांना तो कबुलीजबाब वाटला आणि त्यांना तसे वाटू देण्यासाठी मला काहीच करावे लागले नाही. फक्त पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. मी स्वतःला काय सांगितले होते ते नीट नोंदवतो, कारण त्यातही एक शिस्त होती. दांडा मी ओढला हे मला माहीत होते. पण अपडेट तासाभराचे. म्हणजे साडेपाचपर्यंत ते कधीच उरकलेले असणार. म्हणजे माझ्या हाताने काही बिघडलेले असू शकत नाही. म्हणजे जे बिघडले ते त्याआधी, तिच्या हातून. हा सगळा डोलारा एका तासाच्या खांबावर उभा होता. नऊ वर्षांत कोणत्याही शनिवारी तळघरात उतरून मला तो खांब हलवून बघता आला असता.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पट्टी थांबली आणि आकडा आला: एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरने शीळ घातली.

"तासाभराचं काम, असं तुम्ही म्हणाला होतात," मी म्हणालो. "समितीपुढे."

"म्हणालो होतो ना. रोजच्या मशीनला तासच लागतो. दर महिन्याला थोडं थोडं केलेलं असतं त्याला." त्याने बॅगेतून डबा काढला, पण उघडला नाही. "ते मशीन कोरं होतं, साहेब. हळू चालतं म्हणून ताईंनी तक्रार केली होती, तर आदल्याच दिवशी मी तुमची संहिता बाजूच्या कप्प्यात ठेवून प्रणाली नवी टाकून दिली होती. कोऱ्याला सगळ्या वर्षांचं एकदम पाजायचं असतं. त्याला तास कुठला, दिवस जातो. हे मी पुढे सांगणार होतो, पण तुम्ही 'तासाभराचे' एवढं लिहिलंत आणि 'धन्यवाद' म्हणालात. तुम्ही धन्यवाद म्हटल्यावर माणूस उठतो."

"आणि संहिता बाजूच्या कप्प्यात होती, तर दुसऱ्या दिवशी पुसलीत कशी?"

त्याने डबा परत बॅगेत ठेवला. "निबंधक साहेब डोक्यावर उभे होते. मला वाटलं, कोणीतरी प्रत काढून घेतली असणार. एवढं अकरा वर्षांचं. शहाणी माणसं सगळी." मग, "मी पुसलं. ते मी नाकारत नाही. पण मला कोणी विचारलंच नाही हो. मी तर वाट बघत होतो कोणी विचारेल म्हणून."

पडद्यावर आता शिस्तीत आकडे पुढे सरकत होते. एकशे अठ्ठेचाळीसपैकी नववे. बाविसावे. प्रत्येक आकड्याखाली तेच एक वाक्य, यंत्र बंद करू नका. मी कोशकार आहे; आज्ञार्थी वाक्ये माझ्यापुढे उदाहरण म्हणून येतात, आज्ञा म्हणून येत नाहीत. माझ्या धंद्याचा हा रोग त्या क्षणी मला नुसता गमतीदार वाटला. तो किती जुना आहे हे पुढच्या चाळीस मिनिटांत कळणार होते. बारा पंचवीसला जिन्यावर चपला वाजल्या आणि संस्थेचा पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. त्या प्रकरणानंतर वही बंद झाली आणि मेन त्याच्याकडे सोपवला गेला; समितीच्या शिफारशींपैकी अमलात आलेली ही एकमेव.

"साहेब, तुमचं व्हायचंय का अजून? मेन पाडू?"

हा वापर आहे आपल्या कोशात, असे माझ्या मनात आले. विचार नव्हे तो. तीस वर्षांच्या सवयीची उचकी. कोणी गवंडी, कोणी शिंपी, कोणी बसचा वाहक बोलताना एखादा नवा वापर करून गेला की माझ्या डोक्यात आधी खण उघडतो: आहे की नाही? 'पाडणे'. भिंत पाडणे, भाव पाडणे, तुकडा पाडणे. मेन पाडणे. आहे, सहाव्या खंडात घ्यायचा होता, नोंद झालेली आहे, चिठ्ठी मी स्वतः केली आहे. कोणाच्या बोलण्यातून? कोणाच्या बोलण्यातून नव्हे. लिहिलेले होते. रेघी कागदावर, गोलसर, तांबड्या पेन्सिलीने.

"तुम्ही थांबा," मी पहारेकऱ्याला म्हणालो. "मी पाडतो."

"अहो साहेब, तुम्ही कशाला..."

डॉक्टर उठून उभा राहिला. "चालू आहे ते. एकसष्टावं बसतंय. आत्ता पाडलंत तर उठणार नाही."

"तेच बघायचं आहे."

जिन्यापाशीचा तो लोखंडी दांडा नऊ वर्षांत मी हातात धरला नव्हता. त्याच्या मुठीवरचे रबर मधोमध झिजलेले होते, आणि माझी बोटे जिथे पडायची तिथेच पडली. अंगठा आपोआप कडेच्या खाचेत गेला. हाताला सगळे ठाऊक होते. वर जड, खाली हलका, आणि शेवटच्या इंचावर एक हिसका, जो खांद्यापर्यंत येतो. मग इमारतीतला तो आवाज, जो चालू असेपर्यंत कोणाला ऐकू येत नाही, तो थांबतो. पंखे आणखी थोडे फिरतात, आणि कुठेतरी वरच्या मजल्यावर एखादा माणूस "अरे" म्हणतो. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणी नव्हते. चालकाच्या खोलीचे दार लोटलेले होते, यंत्राचा पडदा आपोआप काळा झालेला असणार. दांडा ओढताना त्या दारामागून एक बारीकसा, उतरता सूर आल्याचे मला तेव्हाही ऐकू आले होते. मी तो ऐकला होता. मी छत्री काखेत मारून जिना उतरलो होतो.

दांडा वर केला, खाली आलो. यंत्र सुरू झाले, काळे झाले, आणि डाव्या कोपऱ्यात एक आडवी पांढरी रेघ लुकलुकत राहिली. डॉक्टरने दोनदा, तीनदा पाहिले. "गेलं," तो म्हणाला, आणि मग, त्याला माझ्याबद्दल काय वाटले कोण जाणे, हळू आवाजात, "डबा खाता का साहेब? दोघांना पुरेल."

मी वर गेलो. चिठ्ठ्यांची लाकडी कपाटे कोशविभागाच्या भिंतीला अजून आहेत; ज्या खंडाचे संपादन गेले त्याच्या कच्च्या चिठ्ठ्या कोणी पुसू शकले नाही, कारण त्या पुसायला वीज पुरेशी नसते. संस्थेचा रिवाज असा होता की चिठ्ठी कोणीही करो, ती खणात जाण्याआधी ताई तपासायची: शब्द, जागा, निवेदक (शब्द ज्याच्याकडून मिळाला तो), वेळ. बरोबर असली की उजव्या कोपऱ्यात एक लाल टिंब. टिंबाशिवाय चिठ्ठी खणात गेली तर ती म्हणायची, "बिनतिकिटाचा प्रवासी कोण घुसवला रे?" एक्केचाळिसावा खण कुरकुरत उघडला. 'पाठीव', 'पाड', 'पाडणे'. चिठ्ठी पहिल्या दहांतच होती. वर ताईचा निरोप, तिच्या अक्षरात, 'मेन पाडू नये' या तीन शब्दांखाली माझी रेघ. निरोपाच्या खाली माझ्या बारीक, देखण्या, निर्दोष हस्ताक्षरात नोंद. तो कागद मला टेबलावर मिळाला होता; मी तो वाचला होता; वापर नवा आहे हे पाहून मला आनंद झाला होता, खरा आनंद, अजून आठवतो तो; मी अर्थ लिहिला, वेळ लिहिली, तपासणीच्या टोपलीत टाकला. शब्द मला पोचला. माणूस काय सांगतो आहे ते पोचले नाही, आणि पस्तीस मिनिटांनी माझ्या हाताने त्या शब्दाचा अर्थ करून दाखवला. चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात लाल टिंब होते. चिठ्ठी मी खिशात घातली. खिडकीतले ऊन खणाच्या कडेवरून माझ्या मनगटावर आले होते.

घरी पोचलो तेव्हा ताई खिडकीपाशी कोडे सोडवत बसली होती. मी पिशवीतून मुद्रिते काढून घडीच्या टेबलावर, तिच्या बाजूला ठेवली. दोनशे अकरावे पान वर.

"दगड निघाले वाटतं," ती म्हणाली. तिने वाक्य वाचले, पेन्सिल न उचलता. एकदाच वाचले. "छान लिहितोस तू. पहिल्यापासूनच."

"आज तळघरातलं मशीन लावून बघितलं. अडीच तासांत निम्मंसुद्धा झालं नाही."

"नऊ वर्षं लागली म्हण की. मग तासाभराचं काम नव्हतं तर."

मी खिशातून चिठ्ठी काढली. "हे टिंब तुझं?"

"मग कोणाचं, निबंधकांचं?" तिने चष्मा वर सारून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "समिती संपल्यावर, शेवटच्या आठवड्यात टोपली उपसली, त्यात आली. अर्थ बरोबर लिहिला होतास, वेळ होती, निवेदक होता. चूक काहीच नव्हती. मग टिंब देऊन टाकलं खणात."

"फाडली का नाहीस? किंवा दाखवली का नाहीस कोणाला?"

"चिठ्ठी फाडतात होय रे?" तिला खरोखर धक्का बसला होता. मग आवाज खाली आला. "दाखवायची कोणाला? विचारणारा तूच. तू विचारलंस, सही कोणाची. मी सांगितलं. मेन कोणी पाडला असं विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं. मी वाट बघत होते तुझ्या पुढच्या प्रश्नाची. तू फाइल मिटलीस." तिने आडव्या चौदाच्या चौकटी बोटाने मोजल्या, उगाचच. "बाबा तेव्हा विचारायचे, धाकट्याचं कसं चाललंय. मी सांगायचे, समितीवर आहे. त्यांना फार बरं वाटायचं."

बाहेर शेजाऱ्यांचे कुत्रे भुंकून दमले. मी तिच्याजवळ क्षमा मागितली नाही. तो शब्द आमच्या कोशाच्या कक्षेत येत नाही, असे काहीतरी मी म्हणू शकलो असतो, आणि तेवढ्यापुरता मी स्वतःला आवरू शकलो, ही माझी त्या दिवसाची कमाई. तिने तांबडी पेन्सिल टेबलावरून माझ्याकडे ढकलली.

"सोमवारी द्यायचंय ना? मग बस. समासात लिही. आणि वाक्य बांधू नकोस."

मी दोनशे अकराव्या पानावरचे ते वाक्य पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत खोडले आणि आद्याक्षरे न करता पूर्ण सही केली. समासात, ताईच्या देखत, तिने प्रत्येक शब्द चिठ्ठीशी ताडून पाहत असताना, जे लिहिले ते असे:

"शोधसमितीच्या सदस्य-सचिवाच्या हस्ताक्षरातली पुढील नोंद खण एक्केचाळीसमध्ये आहे. 'पाडणे (मेन): इमारतीच्या वीजपुरवठ्याचा दांडा खाली ओढून तो बंद करणे. उदाहरण: आत अपडेट चालू आहे, रात्रभर चालेल. आज मेन पाडू नये. निवेदक: संगणकचालक, स्त्री, वय ५७. वेळ: दुपारी ४.५५. चिठ्ठी स्वतः वाचली.' त्यानंतर पस्तीस मिनिटांनी मेन मी पाडला."